गाठींचा दोरा

बेळगाव, रविवार, ९ ऑक्टोबर १९८८

आई,

तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही. रोजची डायरी लिहितो, शाळेचे अहवाल लिहितो, गल्लीतल्या लोकांचे अर्ज लिहून देतो, पण तुला लिहायचं म्हटलं की हातातलं पेन खाली ठेवावंसं वाटतं. इतक्या उशिरा माफी मागायचीही लाज वाटते, तरी मागतो. तू असतीस तरी हे पत्र तुला कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं आणि ते काम माझ्यावरच आलं असतं. मग मी त्यातल्या चार ओळी गाळून वाचल्या असत्या. तुझं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवताना आणि दुसऱ्याचं तुझ्यापर्यंत आणताना मी नेहमी काहीतरी गाळत आलो. हे पत्र कुणाला वाचून दाखवायचं नाही, तेव्हा निदान इथे गाळायला नको.

वर "आई" लिहिलं, तेसुद्धा जरा थांबूनच. निपाणीत होतो तोवर तू "आये" होतीस. कॉलेजसाठी बेळगावला आलो आणि दुसऱ्या वर्षी सुट्टीला घरी गेलो तेव्हा दारातूनच मी "आई" अशी हाक मारली. तू मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "कुणाची आई आली रं?" आक्का इतकी हसली की तिच्या सुपातली तंबाखू सांडली. मीही हसलो, पण परत "आये" म्हटलं नाही. आपल्याकडच्या बायका "मी जातो, मी सांगतो" म्हणतात, तेही मला खटकायला लागलं होतं. "जाते म्हण, सांगते म्हण," असं मी तुला माझ्या बेळगावच्या खोलीत दोनदा तरी बजावलं असेल. तू "बरं" म्हणायचीस आणि पुन्हा "मी जातो" म्हणून उठायचीस.

आक्का पंधरा दिवसांपासून माझ्याकडे आहे. आता अंगणात उन्हाला पाठ देऊन ओल्या शेंगा फोडत बसली आहे. दहाबारा शेंगा झाल्या की उजवा हात मांडीवर उपडा ठेवते आणि डाव्या हातानं दाबत राहते. चार वर्षं झाली तिचे हात दुखतात. बोटांपासून कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत. सकाळी मूठ मिटत नाही. निपाणीत तीन डॉक्टर झाले. एक म्हणाला वय झालं, दुसरा म्हणाला बिड्या सोडा, तिसऱ्यानं नाडी बघून मनावर घेऊ नका असं सांगितलं. बिड्या सोडून खायचं काय, ते कुणी सांगितलं नाही. तिची सून म्हणते, काम निघालं की बरोबर हात दुखतात. "दुखायचं ते दुखू दे रं," आक्का परवा मला म्हणाली, "पर ह्याला कायतरी नाव पायजे. नाव न्हाय तवर हे माझं सोंगच." दोन वर्षं मी तिला "बेळगावला ये, दाखवू" म्हणत होतो आणि ती येते म्हणाली की मला परीक्षा, तपासणी, काहीतरी निघत होतं. शेवटी ती पिशवी घेऊन एकटीच दारात उभी राहिली. "तू नेईनास, मग मीच आलो."

उद्या तिला दुसऱ्या खेपेला दवाखान्यात न्यायचं आहे. त्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती तिला सांगायला हवी, पण पंधरा दिवसांत जमलं नाही, म्हणून आधी तुला लिहून बघतो.

तुझं दुखणं सुरू झालं ते एका सकाळी तोंड धुताना. गार पाण्याचा हात गालावर गेला आणि तू घागरीजवळ तशीच बसलीस. मला पुढे भेटलीस तेव्हा म्हणालीस, "गालात वीज पडली." मी आठवीच्या मुलांना वीज शिकवतो. मला हसू आलं. "वीज काय म्हणतेस, आई? दाढ ठणकत असेल." तू मान हलवलीस. "ठणका मला ठाव हाय. ठणका थांबून ऱ्हातो. ही पडती आणि जाती." इतकं नीट सांगितलं होतंस तू. मी विज्ञानाचा शिक्षक, वर्गात एखाद्या मुलानं इतकं नीट सांगितलं असतं तर मी त्याला उभं करून शाबासकी दिली असती. तुला मी निपाणीतल्या दातांच्या दवाखान्यात नेलं. एक दाढ निघाली. दुखणं राहिलं. मग चिकोडीला कुणीतरी चांगला आहे असं कळलं, तिथे आणखी दोन निघाल्या. तिथल्या डॉक्टरनं तुझ्यासमोर मला विचारलं, "मिश्री लावतात ना या?" आणि मी घाईनं "हो" म्हणून गेलो. तू माझ्याकडे बघितलंस. त्याला सहा महिने होऊन गेले होते तू मिश्री सोडून. गालाला बोट लावता येत नव्हतं, मिश्री कुठून लावणार? बसस्टँडवर मला म्हणालीस, "मला इचारायचं तरी." एवढंच.

मग तू महिनाभर माझ्याकडे राहायला आलीस. त्या महिन्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते असं वाटायचं, पण लाजेचाही क्रम लावता येत नाही. तू वाऱ्याला घाबरायचीस. खिडकी लावून बसायचीस, पदर गालावरून ओढून दुसऱ्या खांद्यावर खोचायचीस. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचीस, डोळे मिटून, हात वर धरून, जसं कुणाला थांब म्हणावं तसं. मग बराच वेळ बोलायचीच नाहीस. भाकरी ताकात कुस्करून ठेवायचीस आणि तशीच सोडून उठायचीस. तुझ्या सुनेला वाटलं, हिला माझ्या हातचं रुचत नाही. मला वाटलं, हा अबोला आहे. आपल्या घरात अबोला म्हणजे काही नवीन नव्हतं. काकू तुझ्याशी एका पातेल्यावरून वर्षभर बोलली नव्हती. मी मनात कारणं शोधली: मी निपाणीला कमी येतो, तुझ्या भाचीला नाही म्हणून ही मुलगी केली, तुला "आई" म्हणतो. कारणं बरीच सापडली. एका संध्याकाळी मी म्हणालो, "काय झालंय ते बोल तरी. नाहीतर मीही बोलणार नाही." आणि मी खरंच चार दिवस बोललो नाही. तुझी जीभ हलली की गालात वीज पडत होती, आणि मी माझी धडधाकट जीभ चार दिवस आवळून धरली होती.

पाचव्या दिवशी तूच बोललीस. एकेक शब्द तोडून, ओठ न हलवता. "मोठ्या दवाखान्यात ने." मी म्हणालो, नेतो, पण तिथे असं चालत नाही. हे मी कसं म्हणालो ते मला नीट आठवतं, कारण मी वर्गातल्या आवाजात म्हणालो होतो. "मोठे डॉक्टर विचारतात, किती वेळा दुखतं, कधी दुखतं, किती वेळ राहतं. लई दुखतंय म्हणून भागत नाही. मुलांना मी काय शिकवतो? बघा, मोजा, लिहून ठेवा." तू म्हणालीस, "मला कुठं लिवायला येतंय?" मी म्हणालो, "मग ध्यानात ठेव." आणि मी वह्या तपासायला बसलो. दोन आठवड्यांनी जायचं ठरलं आणि तू तेवढ्यापुरती निपाणीला परत गेलीस.

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आपण बसलो आहोत. तू निपाणीहून सकाळच्या बसनं आली आहेस. खिडकीची काच कुणी लावू दिली नाही म्हणून पदराची चार वेढ्यांची घडी गालावर आहे. समोरच्या बाकावर माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील बसले आहेत. त्यांनी नमस्कार केला, मी केला. तुझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आई का?" मी हो म्हणालो. तेवढ्यात तू कमरेची चंची सोडलीस, त्यातून दोऱ्याचा एक गुंडा काढलास आणि माझ्या हातावर ठेवलास. गाठीच गाठी मारलेला दोरा. हळू म्हणालीस, "हे डॉक्टरला दाव."

माझ्या मनात एकच शब्द आला, देवऋषी. कुणीतरी मंतरून दिलेला दोरा. कानशिलं तापली. विज्ञानाचा मास्तर, धम्म घेतलेल्या घरातला, आणि आई गंडादोरा घेऊन दवाखान्यात. समोरचे गृहस्थ बघत होते. खरं तर ते बघत होते की नाही, मला माहीत नाही. मी वर बघितलंच नाही. मी मूठ मिटली. "दे इकडे. मी दाखवतो," म्हणालो आणि दोरा पँटच्या खिशात घातला.

आत डॉक्टर कानडी बोलणारे, वयस्क, घाईत असलेले. "हल्लु नोवा?" म्हणजे दात दुखतो का, असं त्यांनी विचारलं, तुला नाही, मला. तूच पुढे झालीस. "दात न्हवं सायेब. वीज पडती. मी सांगतो..." आणि तेवढ्या बोलण्यानंच ती पडली. तू हात वर धरून, डोळे मिटून उभी. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतात?" आणि मी सांगितलं, दाढ फार ठणकते म्हणते. वीज म्हणालो नाही. तो शब्द त्या खोलीत अडाणी वाटला असता. त्यांनी तुझ्या तोंडात वाकून बघितलं, उरलेल्यांपैकी दोन दाढा बऱ्या दिसत नाहीत म्हणाले, आणि त्या त्याच दिवशी काढल्या.

तू आत खुर्चीत होतीस तेव्हा मी व्हरांड्यात उभा होतो. दाराशी कापसाचे बोळे टाकायची पत्र्याची बादली होती. दोरा मी त्या बादलीत टाकला.

तुला निपाणीला पोचवायला निघालो, त्या परतीच्या बसमध्ये तुझ्या तोंडात बोळा होता. यमकनमर्डीच्या पुढे तू माझ्या गुडघ्यावर दोन बोटं मारलीस आणि बोळ्याआडून विचारलंस, "दावलास न्हवं?" मी म्हणालो, "दावला." शुद्ध बोलणारा मी, त्या वेळी "दावला" म्हणालो. खोटं बोलताना माणूस घरच्या भाषेत येतो की काय, कोण जाणे. तू विचारलंस, "काय म्हणाला?" मी म्हणालो, "काही नाही म्हणाला." तू मान हलवलीस आणि पदर पुन्हा गालावरून ओढलास. डॉक्टरला गंडा दाखवून ही बाई काय मिळवणार होती, असा प्रश्न मला त्या क्षणी पडायला हवा होता. पडला नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगितलं.

त्यानंतर तू तीन वर्षं जगलीस. दवाखान्यात ने, असं पुन्हा म्हणाली नाहीस. उजव्या बाजूला काढायला दाढच उरली नव्हती आणि वीज मात्र त्याच जागी पडत होती. पातळ तेवढं प्यायचीस, तेही दिवस बघून. शेवटी तापाचं निमित्त झालं. लोक म्हणाले, अंगात काही राहिलं नव्हतं. खरं होतं.

आता पंधरा दिवसांपूर्वीचं. आक्काला घेऊन गेलो तो दवाखाना वेगळा, डॉक्टर वेगळ्या. तरुण बाई आहेत, मराठी अडखळत बोलतात, पण बोलतात. त्यांनी विचारलं, काय होतंय? मी सवयीनं सुरू केलं, "हिचे हात चार वर्षांपासून..." बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा थांबा. अक्कांना सांगू दे." आक्कानं माझ्याकडे असं बघितलं जसं लहानपणी मला मार बसला की बघायची. मग तिनं चंची सोडली आणि दोऱ्याचा गुंडा काढला.

आई, बारा वर्षांनी तसाच दोरा पुन्हा माझ्यासमोर आला आणि मी काय केलं? मी पुटपुटलो, "आक्का, ते आत ठेव." पुन्हा तेच. पुन्हा माझी कानशिलं तापली. पण बाईंनी हात पुढे केला होता. आक्कानं दोरा टेबलावर पसरला आणि दुखऱ्या बोटानं दाखवायला लागली. "ही एक बारकी गाठ म्हंजे एक कळ. ही मोठी, दुहेरी, म्हंजे सूप खाली ठिवायला लागलं. हितं तांबडं सूत बांधलंय, तिथं दिस संपला. हे बघा, ह्या दिशी छाट, म्हंजे नापास बिड्या लई निघाल्या, हात वळंना. आणि हितं मोकळा दोरा हाय न्हवं? त्या दिशी लग्नाला गेलतो. बिड्या न्हाईत, गाठ न्हाय." बाईंनी पट्टी घेऊन दोरा मोजायला सुरुवात केली. मध्येच वर बघून म्हणाल्या, "हे तुम्हांला कुणी शिकवलं?"

"आमच्या आयेनं," आक्का म्हणाली. "ती गालाच्या गाठी मारायची. ह्यानंच तिला सांगितलं होतं, मोजून ठेव म्हणून. लिवाय येत न्हवतं, मग बिडीचं सूत घेतलं. ध्यानात ठेव म्हणाला हा, तर आये म्हणली, माझ्या ध्यानाचा काय भरोसा, गाठीचा हाय."

टेबलाची कड मी धरून ठेवली होती. बाई तुझ्याबद्दल विचारत राहिल्या. एकाच बाजूला दुखायचं का? वारा लागला की? घास चावताना, बोलताना? आक्का प्रत्येक वेळी "व्हय, व्हय" म्हणत होती. बाई सावधपणे म्हणाल्या, आता त्यांना न बघता नक्की काही म्हणता येणार नाही, पण हे दातांचं वाटत नाही, चेहऱ्याच्या एका नसेचं असतं असं दुखणं. दात काढून ते थांबत नाही. पुष्कळांना गोळीनं आराम पडतो. मी विचारलं, तेव्हा होती का ती गोळी? त्या म्हणाल्या, होती. मग त्यांनी विचारलं, "पण हा दोरा त्या वेळी डॉक्टरांना कुणी दाखवला नाही का?"

"दावला की," आक्का म्हणाली. "ह्यानंच दावला. आये सांगायची सगळ्यांना, माझ्या लेकानं दोरा दावला, पर डॉक्टरला त्यातलं काय कळंना. मग तिनं गाठी मारायचं सोडलं. नव्या दोऱ्याचा गुंडा होता, तो चुलीत घातला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही म्हणत होती, हे माझं मलाही सांगता येणार नाही. मी ती तशी मुद्दामच हलवली असणार.

आक्काच्या हातांना अजून नाव मिळालेलं नाही. बाईंनी रक्त तपासायला दिलं आहे आणि पंधरा दिवस गाठी मारून उद्या दोरा घेऊन या म्हणून सांगितलं आहे. आक्का रोज मारते. सकाळची मूठ मिटत नसताना ती दाताखाली दोरा धरून गाठ ओढते, आणि मी शेजारी वर्तमानपत्र धरून बसतो. या पंधरा दिवसांत तिनं मला दोनदा विचारलं, "त्या डॉक्टरनं आयेचा दोरा हातात घेतलता का नुसता लांबनं बघितलता?" पहिल्यांदा मी म्हणालो, आठवत नाही. दुसऱ्यांदा म्हणालो, घेतला असावा. म्हणजे बारा वर्षांपूर्वीच्या खोट्याला मी याच आठवड्यात एक नवं खोटं जोडलं.

मी अंधश्रद्धेला लाजलो, असं मला म्हणता येईल. म्हणत आलोही. पण ते खरं नाही. आपण धम्म घेतला तेव्हा घरातल्या देवांचे टाक पाटीत घालून वेदगंगेला कोण घेऊन गेलं? आप्पा आणि काका ओट्यावर बसून, पुढच्या आठवड्यात बघू म्हणत होते. तू पाटी डोक्यावर घेतलीस. मी अकरा वर्षांचा, तुझ्या मागून चालत होतो. पाण्यात टाक सोडून तू हात धुतलेस आणि म्हणालीस, "आता कुणाला भ्यायचं न्हाय." अशा बाईवर मी देवऋषीचा संशय घेतला. तुला ओळखणारा माणूस तो घेऊच शकत नव्हता. पण त्या बाकावर मी तुझ्याकडे बघितलंच नव्हतं. समोरच्या माणसाला तू कशी दिसत असशील, तेवढंच बघत होतो.

काल त्या वर्षाची डायरी कपाटातून काढली. त्या दिवशीचं पान आहे. "आईला मोठ्या दवाखान्यात नेले. दोन दाढा काढल्या. गर्दी फार. बसमध्ये बसायला जागा मिळाली. आठवी 'ब'चे पेपर राहिले." जागा मिळाली हे लिहिलं आहे. दोरा लिहिलेला नाही. मी चहात माशी पडली तरी लिहिणारा माणूस. मंतरलेला दोरा वाटला असता तर मी त्यावर अर्धं पान झोडपलं असतं. समाज, शिक्षण, सगळं आलं असतं त्यात. एक अक्षर नाही. ते पान वाचून माझ्या लक्षात आलं की मला तेव्हा काहीतरी कळलं होतं.

आणि खरंच कळलं होतं, आई. त्या बादलीपाशी मी लगेच हात सोडला नव्हता. दोरा बोटांतून एकदा ओढला होता. गाठी दोन तऱ्हेच्या होत्या, बारीक आणि दुहेरी. वीतभर गेलं की तांबड्या सुताचा एक तुकडा. गंड्याच्या दोऱ्याला राखेचा, उदाचा वास येतो. याला तंबाखूचा येत होता. ते बिडीचं पांढरं सूत होतं, ज्याच्या रिळांवर मी लहानपणी झोपलो आहे. बोटांना ते कळलं. कशाच्या गाठी आहेत हे उमगलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो, पण हे कुणा मांत्रिकाचं नाही, हे तुझ्या हातचं आहे आणि यात काहीतरी सांगितलेलं आहे, एवढं कळलं. आत जाऊन तुला विचारायला दहा पावलं होती. विचारलं असतं तर डॉक्टरांसमोर पुन्हा उभं राहावं लागलं असतं, माझं भाषांतर चुकलं म्हणून सांगावं लागलं असतं, वीज हा शब्द उच्चारावा लागला असता. त्यापेक्षा बादली जवळ होती.

हे तुला लिहून मोकळं व्हायचं आणि आक्काला काही सांगायचं नाही, असंही मनात येऊन गेलं. साठीला आलेल्या बहिणीला हे कशाला, दुखणं का कमी आहे तिला, वगैरे. मी स्वतःसाठी फार चांगली कारणं शोधतो. पण आज जेवताना आक्का म्हणाली, "उद्या ही बाई पण न्हाय कळलं म्हणली, तर मी परत गाठी मारायचा न्हाय. आयेनं तरी कुठं मारल्या? दावून बघितलं, कळंना, सोडून दिलं." मग भाकरीचा तुकडा मोडता येईना म्हणून तिनं ताट तुझ्या सुनेकडे सरकवलं, आणि तिनं तो मोडून दिला. तिला वाटतं, दोरा एकदा दाखवून झालेला आहे आणि हरलेला आहे. बारा वर्षं ती हे धरून बसली आहे, तू शेवटची तीन वर्षं हे धरून बसली होतीस, आणि दोघींना ते मी दिलं. उद्या बाईंना नाव सापडलं नाही तर आक्का निपाणीला जाईल, सूप मांडीवर घेईल आणि गप्प बसेल. आपल्या घरातल्या बायका गप्प बसल्या की आम्ही त्याला अबोला म्हणतो.

हे पत्र वहीतच राहणार. आत्ता आक्का दारात येऊन उभी राहिली होती, ओच्यात शेंगा घेऊन. "रविवारचं काय लिवतुयास एवढं?" मी म्हणालो, "शाळेचं." म्हणजे हे लिहितानाही एक खोटं झालं, तेही इथे नोंदवून ठेवतो.

उद्याचं काम: सकाळी दवाखान्याला निघायच्या आधी, चहा पितानाच, आक्काला सांगायचं की आयेचा दोरा कुणी बघितलाच नव्हता.